बजेटमधलं पहिलं पिस्तूल घेताय? आधी गोळ्यांचा हिशोब मांडा

"कमी पैशात एखादं बरं पिस्तूल सांग ना" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, महिन्यातून रेंजवर कितीदा जाणार? बहुतेक जण गडबडतात, कारण मॉडेलचं नाव, फोटो, किंमत सगळं तोंडपाठ असतं पण हा प्रश्न डोक्यातच आलेला नसतो. मीही त्यातलाच. माझं पहिलं पिस्तूल म्हणजे एकदम छोटं, खिशात मावेल असं ९ एमएम (म्हणजे नळीचा आतला व्यास, बोअर, ९ मिलीमीटरच्या आसपास). दिसायला देखणं, बजेटच्या आत, आणि काउंटरवर उचललं तर इतकं हलकं की मी खूश. तेच हलकेपण पुढे नडलं. पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का मनगटात, मूठ एवढी आखूड की करंगळीला जागाच नाही, ती बिचारी खाली लोंबकळतेय, पन्नास राउंड (म्हणजे गोळ्या) झाले की अंगठ्याची बेचकी लालबुंद, आणि वर गोळ्या महाग. पहिल्या वर्षात मी जेमतेम ३०० राउंड मारले असतील, बाकीचा वेळ ते पुसून परत ठेवण्यात गेला. शेवटी घेतलं त्याच्या बऱ्याच कमीत विकून टाकलं.

तर हे सगळं लिहितोय ते रेंजवर कागदाच्या टार्गेटवर नेमबाजी करणाऱ्या हौशी माणसासाठी. स्वसंरक्षण वगैरे हा वेगळा विषय आहे, त्यात मी पडत नाही.

सगळ्यात आधी कायदा. कंटाळवाणं आहे पण यातूनच निम्मी यादी आपोआप गळते. तुम्ही राहता तिथे लायसन्स लागतं का, कुठल्या बोअरला परवानगी आहे, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, जास्तीत जास्त किती राउंड चालतात, वर्षाला किती गोळ्या घेता येतात, घरी कसं ठेवायचं, रेंजपर्यंत कसं न्यायचं, हे सगळं आधी अधिकृत ठिकाणी विचारा, मित्राच्या मित्राला नको. देशोदेशी नियम इतके वेगळे आहेत की एकीकडे सहज मिळणारं पिस्तूल दुसरीकडे हातात दिसलं तरी तुरुंग. काही ठिकाणी आधी क्लबची मेंबरशिप आणि ठराविक काळ सराव दाखवावा लागतो, मगच अर्ज. आणि "कागदाबिगदाचं बघून घेऊ" म्हणणारा कोणी भेटला, किंवा सिरीयल नंबर घासलेला दिसला, तर किंमत न विचारता उठायचं. गावठी बनवलेलं तर अजिबातच नाही, कायदा बाजूला ठेवला तरी त्या नळीचं पोलाद कुठलं आणि ते किती प्रेशर सोसेल हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि ते फुटतं तेव्हा आपला हात तिथेच असतो.

आता हिशोब. समजा महिन्यातून दोनदा रेंज, दर खेपेला १०० राउंड. हे काही फार नाही, तासाभरात आरामात होतात. वर्षाचे झाले २,४००, पाच वर्षांचे १२,०००. आता तुमच्याकडे .२२ चा (०.२२ इंची, छोट्या बोअरचा) एक राउंड केवढ्याला आणि ९ एमएमचा केवढ्याला ते बघा, दोन्हीतला फरक काढा आणि त्याला १२,००० ने गुणा. जो आकडा येईल तो पिस्तुलाच्या किमतीशेजारी लिहा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पाच मिनिटं गप्प बसलो होतो. दोन पिस्तुलांच्या किमतीतल्या ज्या फरकासाठी मी रात्र रात्र जागून तुलना करत होतो तो या आकड्यापुढे काहीच नव्हता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, ते पिस्तुलांच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे, पहिलं पिस्तूल .२२ लाँग रायफलचं घ्या. नावात रायफल असलं तरी हे काडतूस पिस्तुलातही तेवढंच चालतं, १८८७ पासून आहे आणि अजूनही जगात सगळ्यात जास्त खपणाऱ्या काडतुसांमध्ये आहे. गोळीचं वजन साधारण ४० ग्रेन म्हणजे २.६ ग्रॅम. ९ एमएमची नेहमीची गोळी ११५ ग्रेनची, म्हणजे साडेसात ग्रॅमच्या आसपास, मागे बारूदही जास्त. त्यामुळे .२२ चा धक्का असून नसल्यासारखा. आणि नवशिक्याला सगळ्यात मोठा रोग लागतो तो दचकण्याचा, गोळी सुटायच्या आधीच हात खाली दाबला जातो, डोळा मिटतो. हा रोग मोठ्या बोअरवर लवकर लागतो आणि मग सुटता सुटत नाही.

आमच्या एका मित्राला पटतच नव्हतं की तो दचकतो. मग त्याच्या मॅगझिनमध्ये मी त्याला न सांगता दोन डमी राउंड (न फुटणारी नकली काडतुसं) मध्ये मध्ये घातले. पहिल्या तीन गोळ्या धडधड सुटल्या, चौथ्याला नुसतं "टिक" झालं, आणि गोळी सुटलीच नसताना पिस्तुलाचं नाक दोन इंच खाली गेलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तो काही बोलला नाही, फक्त पिस्तुलाकडे बघत राहिला. पुढचे तीन महिने त्याने .२२ शिवाय काही हातात घेतलं नाही, आणि आता माझ्यापेक्षा बरा मारतो.

.२२ चं आणखी एक सुख आहे. चांगल्या टार्गेट पिस्तुलांमध्ये नळी फ्रेमला पक्की बसवलेली असते, मागचा बोल्ट तेवढा मागेपुढे होतो. रुगर या अमेरिकन कंपनीचं पहिलं पिस्तूल १९४९ मध्ये आलं ते याच पद्धतीचं, त्याचीच पुढची पिढी म्हणजे मार्क ४, जे २०१६ मध्ये आलं. ब्राउनिंगचं बक मार्क १९८५ पासून आहे, तिथेही नळी जागची हलत नाही. नळी हलत नाही म्हटल्यावर दर वेळी तीच जागा, तोच नेम. ९ एमएमच्या बहुतेक पिस्तुलांमध्ये नळी दर गोळीला खाली झुकते आणि परत जागेवर बसते, ती यंत्रणा मजबूत आहे, भरवशाची आहे, पण तेवढीच अचूकता हवी असेल तर ती फार काटेकोर बनवावी लागते आणि काटेकोर म्हटलं की पैसे आले. म्हणजे त्याच बजेटमध्ये .२२ मध्ये जो नेम मिळतो तो ९ एमएममध्ये मिळत नाही. जुन्या रुगरबद्दल एक मात्र सांगतो, मार्क ३ पर्यंतची पिस्तुलं खोलायला सोपी, परत जोडायला डोकेदुखी. पहिल्यांदा जोडताना माणूस देवाचा धावा करतो. मार्क ४ मध्ये मागे एक बटण दाबलं की झालं. जुनं स्वस्तात मिळत असेल तर घ्या, फक्त जोडायचं कसं ते दोनदा कोणाकडून तरी शिकून घ्या.

.२२ चे तोटे पण ऐका. काडतुसाच्या बुडाला कड असते, स्फोटक त्या कडेतच भरलेलं असतं, आणि ते कधी कधी सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं म्हणून अधूनमधून एखादा राउंड फुसका निघतो. ही काडतुसं घरी परत भरता येत नाहीत. आणि .२२ पिस्तुलं गोळ्यांच्या बाबतीत लाडावलेली असतात, एका कंपनीची गोळी गुण्यागोविंदाने चालेल, दुसरीची दर मॅगझिनला अडकेल. त्यामुळे एकदम मोठा साठा करू नका. चार पाच प्रकारची एकेक पेटी आणा, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येकाच्या दहा दहा गोळ्यांचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) घ्या, जी सगळ्यात जवळ जवळ पडेल आणि अडकणार नाही ती पुढे घ्यायची.

९ एमएमच हवंय अशांना नको म्हणणार नाही. कुठल्या स्पर्धेत तेच लागत असेल किंवा तुमच्याकडे .२२ च्या गोळ्याच मिळत नसतील तर प्रश्नच मिटला. अशा वेळी मोठ्या आकाराचं, वजनदार घ्या, खिशातलं नको. सीझेड ७५ सारखं अख्खं पोलादाचं डिझाईन, १९७५ चं आहे, त्याच्या कितीतरी नकला जगभर बनतात आणि त्यातल्या बऱ्याच परवडतात. वजनामुळे धक्का बराच गिळला जातो. ग्लॉक १७ च्या वाटेने गेलेली प्लास्टिक फ्रेमची पिस्तुलंही ढिगाने आहेत, त्यांचे सुटे भाग आणि मॅगझिन मुबलक मिळतात हा मोठा फायदा. फार स्वस्त ९ एमएममध्ये एक प्रकार असतो, सरळ ब्लोबॅकचा, म्हणजे नळी आणि स्लाईड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकांत अडकत नाहीत, स्लाईडच भलतीच जड करून ठेवतात. चालतं, पण पिस्तुलाचं डोकं जड आणि ताकदीची स्प्रिंग, स्लाईड ओढताना दमछाक.

आणि लष्कराच्या जुन्या साठ्यातली पिस्तुलं स्वस्त दिसली म्हणून भाळू नका. टोकारेव्ह, मकारोव्ह वगैरे इतिहासाचा तुकडा म्हणून झकास, पण त्यांची काडतुसं वेगळी, ७.६२×२५ आणि ९×१८, ती तुमच्याकडे नियमित मिळतात का ते आधी बघा. जुन्या साठ्यातल्या स्वस्त काडतुसांच्या टोपीत बऱ्याचदा असं रसायन असतं की ज्याचा क्षार नळीत उरतो, तो हवेतला दमटपणा ओढतो आणि दोन दिवसांत नळी गंजायला लागते. नुसत्या तेलाने तो जात नाही, पाण्याने धुवून, कोरडी करून मग तेल. मूळ टोकारेव्हला हाताने लावायचा सेफ्टी खटकाही नाही. पहिल्या पिस्तुलासाठी एवढ्या भानगडी कशाला.

आता हातात घेऊन बघायचं. दुकानात पहिली गोष्ट, देणाऱ्याने मॅगझिन काढून, स्लाईड मागे ओढून रिकामं दाखवून द्यायला पाहिजे. त्याने दाखवलं तरी तुम्ही स्वतः परत बघा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते त्या जागेत, डोकावून आणि करंगळी घालून. कोणी हसलं तर हसू दे. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं धरायचं, नळी कोणाकडेही वळवायची नाही, नेम लागेपर्यंत बोट चापावर नाही, आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत पाहिजे. हे चार नियम जेफ कूपर नावाच्या अमेरिकन शिक्षकाने रूढ केले, आणि दुकानातही तेच लागू, तिथे सूट नाही.

मग दोन्ही हातांनी नीट धरा, समोरच्या भिंतीवरचा सुरक्षित असा एक ठिपका निवडा, डोळे मिटा, पिस्तूल सहज वर आणा, डोळे उघडा. पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) मागच्या खाचेत आपसूक आली असेल, थोडीफार इकडे तिकडे, तर मूठ तुमच्या हाताची आहे. दर वेळी डावीकडे किंवा वर भरकटत असेल तर तिला तुम्ही हात वाकवून जुळवून घेणार आणि शंभर राउंडनंतर हात थकला की नेम गेला. तर्जनीचं पहिलं पेर चापाच्या मधोमध यायला हवं. लहान हाताच्या माणसांना जाड मुठीच्या पिस्तुलात बोट पोचवायला अख्खी पकडच फिरवावी लागते, ते नको. मॅगझिनचं बटण पकड न सोडता दाबता येतं का, स्लाईड स्वतःच्या ताकदीने दहा वेळा ओढता येते का, हेही बघा. इंटरनेटवर कोणी कितीही वाखाणलेलं असो, दुरून डोंगर साजरे, तुमचा पंजा त्याने बघितलेला नाही.

चाप. मला विचाराल तर अर्धे पैसे चापाचे असतात. कोरडं दाबून बघायचं तर आधी विचारा, विशेषतः .२२ ला, कारण काही मॉडेलमध्ये रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) सरळ चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. परवानगी मिळाली की हळूहळू दाबा. सुरुवातीला थोडी सैल चाल, मग एक भिंत लागल्यासारखी जागा, तिथून पुढे काच तुटावी तसा कडक सुटला पाहिजे. खरखरत, थांबत थांबत, वाळूत पाय ओढल्यासारखा चाप असेल तर सोडून द्या. वजनाचा अंदाज हवा असेल तर ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाला चाप कमीत कमी ५०० ग्रॅमचा चालतो, २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाला १,००० ग्रॅमचा. पोलिस किंवा लष्करी पद्धतीच्या पिस्तुलात तो अडीच किलोच्या आसपास असतो, आणि डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये, जिथे चाप दाबतानाच घोडाही मागे जातो, साडेचार पाच किलोसुद्धा. हौशी नेमबाजाला दीड दोन किलोचा स्वच्छ चाप मिळाला तर नशीब काढलं म्हणायचं. घासून, स्प्रिंगा कापून चाप हलका करायचा उद्योग घरी करू नका, नुसत्या धक्क्याने सुटणारं पिस्तूल बनतं त्यातून.

नळीची लांबी का महत्त्वाची ते एका आकड्यात सांगतो. नळी लांब तर माशी आणि खाच यांच्यातलं अंतरही लांब. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात १५० मिलीमीटर अंतर असेल आणि तुमची माशी खाचेत फक्त १ मिलीमीटर बाजूला गेली, तर २५ मीटरवर गोळी जवळपास १६७ मिलीमीटर बाजूला पडते. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलीमीटरचं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ बाजूने २५ मिलीमीटरने वाढतं. म्हणजे एका मिलीमीटरच्या चुकीने तुम्ही दहाच्या मधून थेट चारच्या घरात. आता तेच खिशातल्या पिस्तुलावर मांडा, जिथे हे अंतर १०० मिलीमीटर आहे, गोळी २५० मिलीमीटर लांब, म्हणजे टार्गेटच्या पार कडेला. लोक म्हणतात पिस्तूल खराब आहे. पिस्तूल ठीक असतं हो, माणसाचा हात एका मिलीमीटरने हलणारच. म्हणून पाच ते सहा इंचांची नळी घ्या आणि मागची साईट स्क्रूने डावी उजवी वर खाली होणारी बघा. स्वस्त पिस्तुलात नेमकी तीच फिक्स देऊन पैसे वाचवलेले असतात.

बजेट म्हटलं की वापरलेलं पिस्तूल आलंच, आणि खरं सांगायचं तर मी नवीन स्वस्तापेक्षा जुनं चांगलं घेईन. माझं आत्ताचं .२२ माझ्या हातात आलं तेव्हा मुठीवर ओरखडे, निळसर पॉलिश कडांना पूर्ण उडालेली, आणि नळी आरशासारखी. बाहेरची झीज म्हणजे होल्स्टरमधून काढघाल झालीय, एवढंच. बघायचं ते आत.

एक छोटा टॉर्च आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा खिशात ठेवा. पिस्तूल रिकामं, उघडं, शक्य असेल तर नळी काढून, एका बाजूने उजेड टाका आणि दुसरीकडून बघा. आतले पिळे धारदार आणि चकचकीत दिसले पाहिजेत. काळे बारीक खड्डे म्हणजे कधीतरी गंज बसला होता. आणि एक गोष्ट फार सावकाश शोधा, नळीच्या आत एखादी काळसर कडी, अंगठी घातल्यासारखी सावली. एकदा मी जवळजवळ सौदा पक्का केला होता, विकणारा गोड बोलत होता, "फारसं वापरलेलंच नाही", किंमतही बरी. तोंडापासून दीड दोन इंचांवर ती कडी दिसली. बाहेरून बोट फिरवलं तर नखाला बारीकसा फुगवटा लागला. याचा अर्थ कधीतरी एक गोळी अर्ध्यात अडकली होती आणि त्यामागून दुसरी मारली गेली. मी काही न बोलता टॉर्च त्याच्या हातात दिला. त्याने बघितलं, पिस्तूल कपड्यात गुंडाळलं आणि विषयच बदलला.

(हेच तुमच्यासोबत होऊ नये म्हणून, कधी आवाज नेहमीपेक्षा मंद, फुसका आला तर थांबा, मॅगझिन काढा, नळी मोकळी आहे का बघा, मगच पुढे. आणि चाप दाबूनही काही झालंच नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, उशिराने सुटू शकते.)

.२२ असेल तर चेंबरच्या कडेवर फायरिंग पिनने पडलेला खड्डा बघा, तो खोल असेल तर रिकामी केस अडकत राहणार. एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे रिकामी केस ओढून काढणारा, आकडा तुटका नको. नळीच्या तोंडाची कड खाचलेली नको, गोळी शेवटची तिथूनच सुटते. स्लाईड किंचित खुळखुळली तर घाबरू नका पण स्लाईड बंद असताना नळी हलत असेल तर नको. सेफ्टी लावून चाप दाबा, काही होता कामा नये, मग बोट काढून सेफ्टी उघडा, तेव्हाही घोडा पडता कामा नये. रिकॉइल स्प्रिंग (स्लाईड परत पुढे ढकलणारी) ही बदलायचीच वस्तू आहे, मोठ्या बोअरच्या पिस्तुलात साधारण ३ ते ५ हजार राउंडनंतर, त्यामुळे तिची किंमत सौद्यात धरा.

रिव्हॉल्व्हर असेल तर घोडा हळूहळू मागे ओढा आणि सिलिंडर फिरून नेमका जागेवर "टक" बसतो का बघा, प्रत्येक घरासाठी वेगवेगळं. घोडा पूर्ण मागे गेला तरी सिलिंडर बसलाच नसेल तर टायमिंग गेलंय, गोळी नळीच्या तोंडावर तिरकी आदळून शिशाचे कपचे बाजूने उडतील. सिलिंडर मागेपुढे ढकलून बघा, जाणवण्याइतका हलायला नको. सिंगल ॲक्शन .२२ रिव्हॉल्व्हर (घोडा दर वेळी हाताने मागे ओढायचा) हा तसा सगळ्यात स्वस्तातला शौक आहे, बिघडायला त्यात फार काही नाही, मॅगझिनचं झंझट नाही, पण भरायला वेळ लागतो, एकेक राउंड घालायचा, एकेक केस दांड्याने ढकलून काढायची. निवांत माणसाला हे आवडतं. जुन्या पद्धतीच्या सिंगल ॲक्शनमध्ये मात्र घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, पडलं तर सुटू शकतं. रुगरने १९७३ मध्ये ट्रान्सफर बार (चाप दाबल्याशिवाय घोड्याचा फटका पिनपर्यंत न पोचू देणारी पट्टी) आणला त्यानंतरच्या त्यांच्या मॉडेलना ही अडचण नाही.

घ्यायच्या आधी सिरीयल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून रिकॉल आहे का तपासा, दोन मिनिटांचं काम. ज्याचं मी वर कौतुक केलं त्याच मार्क ४ ची सुरुवातीची पिस्तुलं रुगरने २०१७ मध्ये परत मागवली होती, सेफ्टीचा खटका अर्धवट जागेवर असताना चाप दाबला तर नंतर खटका हलवताना गोळी सुटण्याची शक्यता होती म्हणून. कंपनीने दुरुस्ती फुकट केली, पण जुन्या बाजारात न पाठवलेलं एखादं अजून फिरत असू शकतं. आणि मॅगझिन अजून मिळतात का, केवढ्याला, तेही तेव्हाच बघा. बंद पडलेल्या मॉडेलचं एकच मॅगझिन सोबत आलं आणि त्याचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकले की पिस्तूल म्हणजे पेपरवेट.

पिस्तुलाच्या पैशातून थोडे बाजूला काढायचेत ते कानासाठी, डोळ्यांसाठी आणि कुलुपासाठी. पिस्तुलाचा आवाज १५० ते १६० डेसिबलच्या घरात जातो, १४० च्या वर एका फटक्यात कान कायमचा बिघडू शकतो, आणि .२२ छोटं म्हणून त्यात सूट नाही. बंदिस्त रेंजवर मी आत बोळे आणि वर मफ दोन्ही घालतो. चष्मा पॉलिकार्बोनेटचा. शिशाचा धूर आणि धूळ हाताला कपड्याला लागते, म्हणून रेंजवर खाणं पिणं नाही, निघताना साबणाने हात तोंड धुवायचं आणि ते कपडे घरच्या लहान मुलांना कडेवर घ्यायच्या आधी बदलायचे. घरात पक्की तिजोरी, पिस्तूल वेगळं, गोळ्या वेगळ्या, किल्ली स्वतःजवळ. आणि घरात कोणी, म्हणजे तुम्ही स्वतःसुद्धा, मनाने फार खचलेल्या काळातून जात असेल, तर खरेदी पुढे ढकला, असलेलं क्लबच्या लॉकरला नेऊन ठेवा. क्लबवाले असं बघतात, त्यात लाज नाही.

हे सगळं वाचून अजून नक्की होत नसेल तर एअर पिस्तूल बघा. ४.५ एमएमचे छर्रे, १० मीटर अंतर, धक्का नाहीच म्हणा, बऱ्याच ठिकाणी नियमही सैल, आणि चाप, श्वास, माशी या तिन्ही गोष्टी तीच शिकवते. मी हिवाळाभर नुसती एअर पिस्तूल मारून परत .२२ वर आलो तर ग्रुप निम्म्यावर आला होता. किंवा क्लबची, ओळखीच्यांची तीन चार वेगवेगळी पिस्तुलं घेऊन आधी दोन तीनशे राउंड मारा, रेंजवर लोक आपलं हत्यार दाखवायला उत्सुकच असतात, फक्त गोळ्या तुमच्या न्या.

आणि घेतलंच, तर पहिले २०० राउंड वहीत लिहा. मॅगझिनच्या बुडाला मार्करने १, २ असे आकडे टाका, कुठली गोळी, कुठलं मॅगझिन, कितव्या राउंडला अडकलं. माझं .२२ पहिल्या दिवशी सात वेळा अडकलं तेव्हा मी हताश झालो होतो, परत तेच नशीब म्हणून. घरी येऊन वही बघितली तर सातच्या सात वेळा मॅगझिन नंबर २. ओठाचा एक कोपरा किंचित आत दबलेला होता. नवीन मॅगझिन घेतलं, जुन्यावर लाल चिकटपट्टी मारून ते डमी राउंड भरायला ठेवलंय.